पडद्याची दांडी, शोभेची

आमच्या बाहेरच्या खोलीतल्या खिडकीला आठ दिवस एक तलवार लावलेली होती आणि तिच्यावर पडदा होता. येणारे-जाणारे "दांडी छान आहे हो!" म्हणून जात. मी प्रत्येक वेळी "हो ना," म्हणायचे आणि आत जाऊन उशीत तोंड खुपसायचे. यात चूक माझी एकटीची नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. निदान निम्मी तरी पार्सल कचेरीची होती.

सुरुवात मनगटांपासून झाली. आमची कन्या अकरा महिन्यांची. तिला सगळे ढब्बू म्हणतात आणि ती वजनाने त्या नावाला पुरेपूर जागते. तिला उचलून उचलून माझी दोन्ही मनगटं धरली, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हातांना व्यायाम द्या."

"दिवसभर दुसरं काय देते?" मी म्हटलं.

"तो नव्हे. ज्यात कुणी रडत नाही, तो."

वाचनालयाच्या वरच्या सभागृहाबाहेर पाटी होती: 'काठीचा व्यायाम. मंगळवार व शुक्रवार, पाच ते सहा.' माझ्या डोळ्यांसमोर जे आलं ते फार सात्त्विक होतं. काठी डोक्यावर धरायची, श्वास घ्यायचा, काठी खाली आणायची, श्वास सोडायचा. सासूबाईंनाही मी तसंच सांगितलं. "जा," त्या म्हणाल्या. "तासभर बघते मी हिला. पण सहा म्हणजे सहा."

त्या तासाचं काय सांगू! वाचनालयाचा जिना चढताना माझे दोन्ही हात मोकळे असायचे. नुसते हलवत चढायचे मी. ढब्बूवर माझा जीव आहे, तिच्या मानेवरच्या घामेजल्या कुरळ्या केसांत नाक खुपसलं की मला जगातलं काही नको असतं. पण आठवड्यातून दोनदा, फक्त तासभर, ते नाक माझं एकटीचं असावं असं वाटायचं. एवढंच.

पहिल्याच मंगळवारी कळलं की श्वास सोडण्याशी या काठीचा संबंध फक्त समोरच्याचा श्वास सुटण्यापुरता आहे.

आमचे सर व्यवसायाने कवळ्या बनवतात. तरुणपणी ते मालवाहू जहाजावर होते, आणि तिथल्या इंजिनखोलीत एका फिलिपिनी सोबत्याने त्यांना आपल्या देशाची काठी शिकवली. हातभर वेत आणि बारा वार. प्रत्येक वाराला नाव नाही, नुसता नंबर. एक नंबर कानशिलावर, पाच नंबर पोटात, बारा नंबर थेट टाळूवर. ('बारा वाजणे' हा वाक्प्रचार इथूनच गेला असावा, असं माझं मत आहे.) इथवर सगळं ठीक होतं. पण कुठल्याशा बंदरातल्या जुन्या बाजारात सरांना युरोपातल्या जुन्या तलवारबाजीचं एक चित्रांचं पुस्तक मिळालं, आणि तेव्हापासून त्यांचं डोकं दोन खंडांत विभागलं गेलं.

"बघा," सर पुस्तक उघडून सांगत, "तिकडे लांब सरळ तलवार आणि खंजीर. फिलिपिन्समध्येही लांब आणि आखूड. म्हणजे हे दोघे चुलतभाऊ! आपण फक्त त्यांची गाठ घालून द्यायची."

चुलतभावांची गाठ घालून दिली की काय होतं, हे सरांना ठाऊक नसावं. ते एकुलते एक आहेत.

त्यांचा सगळ्यात लाडका विषय म्हणजे डावा हात. उजव्यात हत्यार असतं, डावा मोकळा असतो, आणि नवशिक्यांचा डावा हात वाळत घातलेल्या पायमोज्यासारखा लोंबत राहतो. "मेलाय!" सर ओरडायचे. "हा हात मेलाय! उजवा मारतो, डावा तारतो. डावा हात जिवंत ठेवा!"

माझा डावा हात लोंबायचा नाही, पण जिवंतही व्हायचा नाही. तो वळून कमरेशी जाऊन बसायचा.

"ताई, हा हात कमरेवर का?"

"सर, तिथे बाळ असतं."

"आत्ता नाहीये ना!"

"ते मला माहितेय. हाताला माहीत नाही."

सर कवळी नीट न बसलेल्या पेशंटकडे बघावं तसे माझ्याकडे बघायचे.

आणि मग बुद्धिबळवाले आले. त्यांना आमचा तास हवा होता. सभागृहाच्या अध्यक्षबाईंनी निवाडा दिला: "पंधरा दिवसांनी शुक्रवारी प्रात्यक्षिक दाखवा. किमान सहा जण हवेत आणि बघण्यासारखं काहीतरी हवं. नाहीतर हा तास बुद्धिबळाला." आम्ही बरोब्बर सहा होतो: मी, सतत खिदळणाऱ्या दोन कॉलेजकन्यका, एक बसचालक, बँकेतल्या कॅशियरबाई आणि आमच्याच इमारतीतले, तळमजल्यावरचे परिपत्रक काका. काका निवृत्त हेडक्लार्क. व्यायाम नियमानुसार होतो की नाही हे बघायला आले आणि राहिले.

सरांनी ठरवलं की शेवटी दोन युरोपी तलवारींचा सामना दाखवायचा, पावलं मात्र फिलिपिनी. एक बोथट सरावतलवार सरांकडे होती, ती काकांना मिळाली. दुसरी कोण आणणार? मी हात वर केला.

"लेकुरवाळीने काठीवरच भागवावं," काका म्हणाले. "तलवारीला मनगट लागतं."

अकरा किलोची ढब्बू एका हाताने पेलून दुसऱ्या हाताने गॅस पेटवणाऱ्या बाईला हे ऐकवलं गेलं! मी त्याच संध्याकाळी तलवार मागवली.

ती आली, आणि पार्सल कचेरीत अडकली.

मी ढब्बूला कमरेवर घेऊन गेले. खिडकीतल्या साहेबांनी खोका टोचून बघितला. "काय आहे?"

"बोथट तलवार."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, तलवार म्हटलं की शस्त्र विभाग. बोथट म्हटलं की भंगार विभाग. दोन्ही म्हटलंत तर विभागच नाही."

"सरावाची आहे हो. टोकाला रबराचं टोपण आहे."

"मग खेळणी विभाग. वय काय?"

"एकोणतीस."

"खेळणाऱ्याचं."

"तेच सांगतेय!"

साहेबांनी सुस्कारा टाकून छापील यादीवर बोट फिरवायला सुरुवात केली. शस्त्र, औषध, वाद्य, रोपं, घरसामान. एवढ्यात ढब्बूने शिक्का हस्तगत केला आणि कुणाला काही कळायच्या आत साहेबांच्या चहाच्या बशीवर, माझ्या कोपरावर आणि स्वतःच्या पोटावर 'नाशवंत' असे तीन ठसे उमटवले. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. आमच्या कन्येचे हात दिसतात.

साहेबांना आता आम्ही जायला हवे होतो. त्यांचं बोट घरसामानावर थांबलं. "लांब आहे? सरळ आहे? लोखंडी आहे? झालं तर! पडद्याची दांडी."

"अहो, पण मला पडदा नाही लावायचा, लढायचंय!"

"मग पडद्याआड लढा," ते म्हणाले आणि लिहिलं: 'पडद्याची दांडी, एक नग.' मग खोक्यावरच्या चित्रातल्या मुठीभोवतीच्या जाळीदार पिंजऱ्याकडे बघून पुढे जोडलं: 'शोभेची.' पार्सल उद्या घरपोच येईल, सही करा, पुढचे.

माझा स्वाभिमान एव्हाना त्या बशीइतकाच नाशवंत झाला होता. मी सही केली.

आता इथे एक घरगुती गोष्ट सांगणं भाग आहे. सासूबाईंनी चाळीस वर्षं शिवणकाम केलं. बाहेरच्या खोलीसाठी त्यांनी एक पडदा शिवला होता. भरघोस कापड, मोठाली निळी फुलं, वर दांडी घालायला नेफा. तो घडी होऊन तीन महिने कपाटात पडला होता, कारण दांडी आणायची जबाबदारी त्यांच्या मुलाची होती आणि त्यांचा मुलगा म्हणजे माझा नवरा. "आणतो गं आई," हे त्याचं वाक्य आमच्या घरात पाळण्यातल्या गाण्यासारखं झालं होतं. सगळ्यांना पाठ, आणि ऐकलं की झोप यायची.

दुसऱ्या दिवशी मी ढब्बूला लस टोचायला घेऊन गेले. परत आले तर खिडकीला पडदा होता.

"आली बाई एकदाची दांडी!" सासूबाई स्टुलावरून उतरत म्हणाल्या. "पावतीवरच लिहिलंय. निदान सुनेला तरी आठवण राहिली."

निळ्या फुलांच्या डाव्या बाजूने मुठीचा पिंजरा झळकत होता. उजव्या बाजूला काही दिसत नव्हतं. दांडी सरकू नये म्हणून सासूबाईंनी नेफ्याचं ते तोंड पक्कं शिवून टाकलं होतं.

सांगून टाकायचं, हे मला कळत होतं. पण सांगणार काय? की आई, हात वर-खाली करायच्या नावाखाली मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी लोकांच्या पोटात पाच नंबर घालते? त्यांनी फक्त "अस्सं" म्हटलं असतं आणि माझा तास तिथेच संपला असता. तेव्हा मी गप्प बसले. ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. सरावाला तलवार नव्हती म्हणून स्वयंपाकघरातला डाव घेतला. एका हातात डाव, दुसरा हात कमरेवर, पायांनी फरशीवर त्रिकोण. समोर खुर्चीत ढब्बू. तिचा एकच खेळ: स्टीलची वाटी फेकायची. मी भात ढवळता ढवळता, न बघता, डाव्या हाताने ती झेलून परत खुर्चीवर ठेवायची. दिवसातून तीस-चाळीस वेळा. त्याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

एकदा दुपारी सगळे झोपलेत असं बघून मी पडद्यापाशी गेले आणि मुठीच्या पिंजऱ्यात हात घालून नुसती पकड घेऊन उभी राहिले. मनगटाला ती अशी काही बसली, म्हणून सांगू! तेवढ्यात वरच्या काकू दारात.

"काय गं, अशी का उभी?"

"पडदा... सरकवतेय."

"पाऊण तास?" काकू म्हणाल्या. "मी मघाशी वर जाताना पण सरकवतच होतीस." मग जवळ येऊन, हलक्या आवाजात, "सासूचं काही बोलणं झालं का? एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, मी आधीच म्हटलं होतं."

"काकू," मी म्हटलं, "इथे एकच आहे हो. आणि तिला म्यान नाही." त्या जरा घाबरूनच वर गेल्या.

प्रात्यक्षिकाचा शुक्रवार उजाडला. कार्यक्रम साडेचारलाच सुरू होणार होता, पण आमचा सामना शेवटी, पाचला होता. माझा बेत सोपा होता. पावणेपाचला सासूबाई ढब्बूला गॅलरीत नेतात, तेवढ्यात दांडी काढायची, पडदा दोरीवर टाकायचा, पळायचं. पावणेपाच वाजले. मी स्टुलावर चढले. त्याच क्षणी खालून जिन्यातून परिपत्रक काकांचा आवाज आला, जो त्यांनी तीस वर्षं कचेरीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचवायची सवय केली होती:

"ताई! उशीर होतोय! तलवार घेतलीत का?"

गॅलरीतलं बोलणं थांबलं.

मी दांडी ओढली. ती सासूबाईंच्या हातच्या टाक्यात अडकली होती, आणि सासूबाईंच्या हातचा टाका म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पुन्हा ओढली. मग एकदम सगळंच निघालं: खिळे, थोडा गिलावा, तलवार, आणि तलवारीसकट निळ्या फुलांचा अख्खा पडदा. मागे वळून बघायची हिंमत नव्हती. मी तशीच पळाले. रस्त्यावर लोक बाजूला होत होते. एका आजोबांनी तर मोर्चा आहे असं समजून हात उंचावला.

सभागृहात पहिल्या रांगेत बुद्धिबळवाले हाताची घडी घालून बसले होते, मधोमध अध्यक्षबाई. बाकीच्यांचे वार दाखवून झाले होते. कॉलेजकन्यकांच्या काठ्या दोनदा सुटून बसचालकाच्या पायावर पडल्या होत्या आणि अध्यक्षबाईंनी घड्याळ बघितलं होतं. मी दारातून शिरले ती अशी: घामाघूम, केस सुटलेले, हातात पडदा गुंडाळलेली तलवार. मी दातांनी टाका तोडला, तलवार उपसली आणि पडदा पडू नये म्हणून डाव्या हातावर टाकला.

सरांचा चेहरा उजळला. "झगा!" ते ओरडले. "ताई, तुम्ही झगा आणलात! पान एकेचाळीस! जुन्या काळी खंजीर नसला की अंगावरचा झगा काढून डाव्या हातावर घ्यायचे, त्याने वार अडवायचे! मंडळी, हे आजवर इथे कुणी दाखवलेलं नाही!"

याबद्दल मात्र माझी खात्री होती.

समोर काका. "आधी नमस्कार, मग पवित्रा, मग इशारा, मग वार," त्यांनी नियम वाचून दाखवला आणि सुरू झालो. एक नंबर आला, अडवला. दोन आला, अडवला. पावलं त्रिकोणात पडत होती. पण डावा हात! पडद्यासकट तो पुन्हा कमरेशी जाऊन बसला. काकांना ते दिसलं. ते त्या बाजूने दाबत आले. मी मागे, अजून मागे. अध्यक्षबाई पुन्हा घड्याळ बघतायत. माझा तास, माझा तो जिना, माझे ते मोकळे हात, सगळं बुद्धिबळाच्या पटावर जाऊन बसतंय.

आणि दारात सासूबाई. कमरेवर ढब्बू. ढब्बूच्या हातात वाटी.

मी थिजले. काकांचा बारा नंबर वर गेला. इकडे ढब्बूने मला ओळखलं, "आऽऽ!" असा आनंदाचा चीत्कार केला आणि तिला माझ्याबद्दल जे वाटतं ते सगळं त्या वाटीत घालून वाटी फेकली.

यानंतर काय झालं ते मला इतरांनी सांगितलं. माझं लक्ष काकांच्या तलवारीकडे होतं. हाताचं नव्हतं. तो कमरेवरून उठला, कानाजवळून जाणारी वाटी त्याने न बघता हवेत झेलली, आणि त्याच्यामागून फडफडत गेलेला पडदा काकांच्या तलवारीवर पडला. काका निळ्या फुलांच्या आत कुठेतरी नियम शोधत राहिले. माझा पाच नंबर जाऊन त्यांच्या सदऱ्याच्या तिसऱ्या बटणावर थांबला. अलगद, बटणाला धक्काही न लावता.

सर अक्षरशः उडी मारून ओरडले, "जिवंत! बघितलंत? याला म्हणतात जिवंत हात!"

बुद्धिबळवाल्यांनीच पहिली टाळी वाजवली. अध्यक्षबाईंनी सरांना विचारलं, "ती वाटी पण पुस्तकात आहे का?"

"आता घालावी लागेल," सर म्हणाले.

तास राहिला. पण माझं मन टाळ्यांत नव्हतं. सासूबाई पुढे आल्या, ढब्बूला माझ्या कमरेवर दिलं, काकांवरून पडदा उचलला आणि नेफा बघितला.

"टाका दातांनी तोडलास?"

"हो."

"शिवणारणीच्या घरात राहून?"

"आई, मी सांगणार होते. म्हणजे... तुम्हाला वाटलं ना, की ती दांडी..."

"अगं, चाळीस वर्षं पडदे शिवलेत मी," त्या म्हणाल्या. "दांडीला मूठ असते का? त्या पिंजऱ्यात हात घालून उभी होतीस ते काय मला दिसलं नव्हतं? म्हटलं, बघू तरी, किती दिवस पडद्याआड ठेवतेस."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी पडद्याची घडी घातली. कडेला कड जुळवत, सावकाश. "बोलले असते तर तू घाबरून जाणं बंद केलं असतंस. तू सहाला येतेस ना, तेव्हा जिन्यातून गुणगुणत येतेस. ढब्बूला ते लांबून ऐकू येतं. ती दाराकडे बघत बसते." घडी झाली. "आणि मीही."

मी ढब्बूच्या मानेत नाक खुपसलं.

"पण खोटं बोललीस, त्याची शिक्षा आहे," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"मंगळवारपासून मी पण येणार. मनगटं माझीही धरलीत. आणि तो फुलांच्या आत अडकलेला माणूस आहे ना, त्याने मला एकदा ब्लाउजचं माप नियमात बसत नाही म्हणून ऐकवलं होतं."

"अहो, पण मग ढब्बूला कोण बघणार?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच दोघींच्या मनात एकाच वेळी एकच माणूस आला.

खिडकीला आता खरी दांडी आहे. तीन महिने न आलेली दांडी, घरात तलवार आहे हे कळल्यावर दुसऱ्याच दिवशी आली. मंगळवारी आणि शुक्रवारी नवरा कचेरीतून लवकर येतो आणि आम्ही दोघी चपला घालून बाहेर पडतो. सासूबाईंचा एक नंबर इतका सरळ जातो की सर म्हणतात, ही हाताला शिवणयंत्राची सवय.

परवा सहाला परत आलो, जिन्यातून गुणगुणत, दोघीही. दार उघडलं. ढब्बू खुर्चीत उभी राहून टाळ्या वाजवत होती. खाली फरशीवर तिचा बाप बसलेला, डोक्यावर पालथी वाटी, तिच्यातून भात कपाळावर ओघळतोय, आणि डावा हात मांडीवर नुसता पडलेला.

"आई, ही फेकते गं!" तो कळवळून म्हणाला.

सासूबाईंनी चपला काढल्या. त्याच्याकडे एकदा नीट निरखून बघितलं.

"बारा नंबर," त्या म्हणाल्या. "हात जिवंत ठेव रे!"